नवमीचा बार

आमच्या घरात ठासणीची एक बंदूक आहे. बाहेरच्या खोलीत दाराच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असते. तिचा दस्ता मानेपाशी मोडलेला आहे आणि पितळेची पट्टी मारून सांधलेला आहे. घरी नवा माणूस आला की वर बघतो आणि विचारतो, दस्ता कसा काय मोडला? मी इतकी वर्षं सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आलो. म्हैसुरात पुष्कळ जणांना ती पाठ आहे. ती खोटी आहे. खरं काय झालं ते इथे लिहितो. कानडी शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो आणि मास्तरांशी भांडून बाहेर पडलो. मराठी वडिलांनी घरी गिरवून घेतली. तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी तपासत बसू नये.

आमचे वाडवडील इथल्या राजांच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि इथलेच झाले. मी सरकारी पागेत होतो. घोडा आणि बंदूक सोडून तिसऱ्या कशात आम्हाला डोकं नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

शिकारीचा नाद असलेल्या माणसांत मी उभा जन्म काढला. प्रत्येकाची एक लाडकी बंदूक असायची आणि ती का लाडकी हे विचारलं की प्रत्येकजण वेगळंच काहीतरी सांगायचा. पिरियापट्टणच्या पलीकडे माझ्या ओळखीचा एक कोडगू, म्हणजे कुर्गातला माणूस, होता. त्यांच्यात मुलगा झाला की बंदुकीचा बार उडवतात. ह्याच्या जन्माला ज्या बंदुकीतून बार उडवला तीच बंदूक पुढे ह्याच्या हातात आली. तो म्हणायचा, "मला पहिली हाक हिनं मारली, आईनं नंतर." दुसरा एक तंबाखूवाला होता. त्याची बंदूक वीतभर डावीकडे मारायची. एका लोहारानं सरळ करून देतो म्हटलं तर हा अंगावर धावून गेला. "वीस वर्षं मी तिच्याप्रमाणे वाकलोय," म्हणाला, "आता ती सरळ झाली तर मी काय करू?"

माझी आजोबांची. एकनळी, तोंडातून दारू भरायची. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग गोळी, वर पुन्हा बोळा, आणि हे सगळं लोखंडी गजानं ठासायचं. मागच्या बाजूला निपलावर, म्हणजे आरपार भोक असलेल्या बारक्या खुंटीवर, तांब्याचा छोटा केप बसवायचा. चाप ओढला की वरचा घोडा केपावर आपटतो, केप ठिणगी टाकतो, आणि बार. नव्या काडतुसाच्या बंदुका आल्या तेव्हा मला लोक हसायचे. हसोत. ह्या बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकायची एक जागा आहे. आजोबांच्या गालानं घासली, मग वडिलांच्या, मग माझ्या. लाकूड तिथे इतकं गुळगुळीत झालंय की डोळे मिटून बंदूक उचलली तरी गाल तिथेच जाऊन बसतो. माझ्या जिवाला ती का प्यारी, तर त्या जागेमुळे. बाकी नेम-बिम सगळ्यांच्याच बंदुकीला असतो.

गजावर वडिलांनी कानशीनं घासून एक गोल रेघ पाडली होती. बार बरोबर भरला की ती रेघ नळीच्या तोंडाशी लागायची आणि ठासणारी मूठ नळीवर येऊन टेकायची. वडील म्हणायचे, "डोळ्यानं नको बघूस, मुठीला विचार."

आता खंडेनवमीचं सांगतो. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. आमच्या घराण्याची रीत अशी की रिकाम्या हत्याराची पूजा करायची नाही. नवमीला सकाळी नुसती दारू आणि बोळा, गोळी न घालता, असा बार भरायचा. केप लावायचा नाही. मग गंध, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि बंदूक पाटावर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गावाबाहेर बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडापाशी जाऊन केप लावायचा आणि तो बार आभाळात उडवायचा. मधल्या वेळात बंदुकीला कुणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी निरोप आला की भाऊबंदांतला एक म्हातारा चुलता गेला. दहा दिवसांचं सुतक. कसलं बन्नीचं झाड आणि कसला बार! सुतक फिटल्यावर बायकोनं घर धुतलं, बंदुकीवरचं वाळलेलं गंध ओल्या फडक्यानं पुसलं आणि मला म्हणाली,

"अहो, नवमीचा बार आत तसाच आहे हं. तेवढा काढून ठेवा."

"बंदुकीतलं तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही. आठवण करते."

"मग करू नकोस."

मी बंदूक तशीच वर टांगली. तिच्या सांगण्यावरून लगेच बार काढला असता तर तिचं ऐकल्यासारखं झालं असतं, म्हणून म्हटलं, दोन दिवसांनी काढू. आणि विसरलो. एवढंच. ह्यात दैवाचा काही संबंध नाही.

दीडएक महिन्यानं कोटे तालुक्यातल्या एका खेड्यातून माणूस आला. एक बिबट्या गावाला धरून बसला होता. आधी कुत्री, मग वासरं, आणि आता सरपण गोळा करणाऱ्या एका बाईला त्यानं फाडलं होतं. गावात दिवसासुद्धा दारं लावून बसत होते. मी आणि माझा धाकटा मेहुणा, असे दोघं निघालो. मेहुण्याकडे बेंगळूरहून आणलेली नवी दुनळी होती, काडतुसाची. ती तो लहान बाळासारखी फलालीनच्या कापडात गुंडाळून न्यायचा.

सकाळी उन्हं चढल्यावर हाका करायचं ठरलं. गावचे लोक नाल्याच्या वरच्या टोकाकडून तमटे, म्हणजे चामड्याची ढोलकी, बडवत येणार. आम्ही खालच्या तोंडाशी. जागेवर जाण्याआधी मी बंदूक भरायला बसलो आणि मेहुण्याला चेष्टेची नेहमीची उबळ आली.

"दाजी, तुमचा बार भरून होईपर्यंत बिबट्या म्हातारा होऊन मरायचा."

"तुझ्या बंदुकीला दोन तोंडं आहेत, तुझ्यासारखीच. माझी एकदाच बोलते."

"बोलते कसली, खोकते!"

गावकरी हसले. मला त्याचा राग आला आणि मी त्याच्याकडेच बघत दारू ओतली, बोळा कोंबला, गोळी सोडली, गज ठासला. मूठ काय सांगत होती तिकडे माझं लक्ष नव्हतं. केप लावला आणि उठलो.

माझी जागा एका काळ्या खडकाशी होती. मेहुणा नाल्याच्या पलीकडे, शंभरएक पावलांवर सागाच्या आडोशाला. माझ्याबरोबर रानात राहणाऱ्या कुरुब जमातीतला एक म्हातारा दिला होता. माग काढणारा. त्याच्याजवळ कोयत्याशिवाय काही नव्हतं. तिकडचे लोक मोठ्या माणसाला 'बुद्धी' म्हणतात. तो मला म्हणाला, "बुद्धी, मी पुढे बसतो. मला आधी दिसेल." आणि माझ्यापुढे चार हातांवर, एका झुडपाच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून बसला. का बसला? तर पाठीमागे बंदूक आहे म्हणून.

लांबून तमटे सुरू झाले.

मी बसलो होतो आणि माझा उजवा हात गुडघ्यावर होता. त्या हाताकडे बघता बघता मला एकदम आठवलं. ठासताना मूठ नळीवर टेकली नव्हती. मूठ आणि नळी यांच्यात मोकळी जागा राहिली होती. तेव्हा ते हाताला कळलं होतं, मला आत्ता कळलं.

मी हळूच गज काढला आणि आवाज न करता नळीत सोडला. गोळीवर टेकला. वडिलांनी पाडलेली रेघ नळीच्या तोंडापासून तीन बोटं वर राहिली.

नवमीचा बार.

माझ्या कानात बायकोचे शब्द जसेच्या तसे आले, 'तेवढा काढून ठेवा.' खाली नवमीची दारू आणि बोळा, वर आजची दारू, बोळा आणि गोळी. केपाची ठिणगी खालच्या दारूला लागणार. वरचा सगळा दट्ट्या तिला तोंडावर दाबून बसलेला. मग ती वाट कुठून काढणार? बाजूनं. आणि बाजूला माझा डावा हात, आणि मागे गाल. तीच गुळगुळीत जागा.

आमच्या गल्लीत फौजेतून परत आलेला एक शिपाई होता. त्याची नळी अशीच फुटली होती. डावा हात मनगटापासून गेलेला आणि त्या बाजूचा डोळा म्हणजे नुसती सुरकुती. जेवताना तो त्या थोट्या हातानं ताट दाबून धरायचा. लहानपणी मी समोर बसून ते बघितलं होतं. त्या खडकाशी बसून मला तो थोटा हात इतका स्पष्ट दिसला की मी माझी बोटं एकदा उघडून मिटून बघितली.

आतला बार उपसायचा तर गजाला पेच लावावा लागतो. पेच होता गावात, बैलगाडीतल्या पिशवीत. बंदूक उलटी करून काही होणार नव्हतं. केप काढून टाकला तर माझ्या हातात नुसती काठी.

घाम पाठीवरून कमरेपर्यंत वाहत होता आणि हवा थंड होती. तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. तमट्यांचा आवाज जवळ येत होता आणि प्रत्येक ठोक्याला माझा उजवा डोळा आपोआप मिटत होता.

आता ऐका. वेळ होता. तमटे अजून लांब होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "आज्जा, माझी बंदूक बिघडली आहे, मागे ये, झाडावर चढ." एका वाक्याचं काम. मी तोंड उघडलंही. पण हा म्हातारा विचारणार, काय झालं बुद्धी? मग ते गावभर होणार, मेहुण्याच्या कानावर जाणार, आणि तो घरी जाऊन बहिणीला सांगणार. तिनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे सगळ्यांना कळणार. मी तोंड मिटलं. त्याच्या पाठीवर एक मुंगळा चढत होता. तो झटकायलाही म्हातारा हलला नाही, इतका निर्धास्त बसला होता. त्या मुंगळ्याकडे बघत मी मनात म्हणत राहिलो, पलीकडून जाऊ दे. मेहुण्याच्या बाजूनं जाऊ दे. जन्मात पहिल्यांदा मी जनावर दुसऱ्याच्या वाट्याला जावं म्हणून नवस केला.

ते नाल्यातून आलंच नाही. उजव्या हाताला गवत होतं, त्यातून आलं. आवाज नाही, काही नाही. आधी नव्हतं आणि मग होतं. वीस पावलांवर, पोट जमिनीला लावून, तोंड मागे तमट्यांकडे वळवलेलं. मेहुण्याला खडकामुळे दिसणं शक्य नव्हतं.

मी बंदूक उचलली. घोडा चढवला. गाल जागेवर जाऊन बसला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी बिबट्याच्या खांद्यावर आली. इतका सोपा नेम मला पुन्हा कधी मिळाला नाही. आणि बोट हलेना. बोटाला मी सांगत होतो आणि ते माझं नसल्यासारखं चापावर पडून होतं. गालाखालचं लाकूड मला तापलेलं वाटत होतं. ते तापलेलं नव्हतं.

म्हातारा मागे न बघता कुजबुजला, "होडी, बुद्धी." मार, म्हणजे.

मी मारलं नाही.

"होडी, बुद्धी, होडी."

ते दुसरं 'होडी' बिबट्यानं ऐकलं. मान वळली. मग काय झालं ते मी नीट बघितलं नाही, कारण तेवढ्या अवधीत ते म्हाताऱ्याच्या अंगावर होतं. म्हातारा ओरडला नाही. श्वास गेल्यासारखा एक आवाज फक्त आला. त्यानं हात आडवा घातला होता आणि तो हात बिबट्याच्या तोंडात होता.

तिथे माझं काय झालं मला माहीत नाही. बंदूक उडवायची भीती होती, पुढे जायची उरली नाही. मी नळी दोन्ही हातांनी धरली आणि दस्ता त्याच्या डोक्यात घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला दस्ता मोडला, मागचा तुकडा उडून पडला. बिबट्यानं म्हाताऱ्याला सोडलं, माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी लिहीत नाही. आणि वळून नाल्यात उडी टाकली. पलीकडून दुनळीचे दोन बार लागोपाठ वाजले. पडला.

मेहुणा धावत आला तेव्हा मी म्हाताऱ्याचा दंड माझ्या फेट्यानं आवळत होतो. मेहुण्यानं मोडकी बंदूक जमिनीवरून उचलली आणि तो जागच्या जागी थांबला. पुढच्या तुकड्यावर घोडा-चाप शाबूत होता. घोडा चढलेलाच होता. खाली केप जसाच्या तसा. म्हणजे मी दस्ता हाणत होतो तेव्हा ती दोन बार भरलेली नळी माझ्याच पोटाकडे रोखलेली होती. जिला घाबरून मी चाप ओढला नाही तिचं तोंड मी स्वतः बेंबीला लावून तिला तीनदा आपटलं. घोडा हिसक्यानं सुटला असता तर हे लिहायला मी नसतो.

मेहुण्यानं अंगठ्यानं घोडा अलगद उतरवला. माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात हाकेवाले आले, सगळे एकदम विचारू लागले, बुद्धींनी बार का टाकला नाही?

मी म्हणालो, "केप फुसका निघाला."

मेहुणा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "केपांची ही डबीच दमट होती. मी सकाळी म्हटलं होतं." तो तसं काही म्हणाला नव्हता.

म्हाताऱ्याला झोळीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत शुद्धीवर आला तेव्हा लोकांना सांगत होता, "कोवीनं दगा दिला. बुद्धीनं नाही दिला. बुद्धी हातानं लढले." कोवी म्हणजे बंदूक. मी झोळीच्या बाजूनं चालत होतो. मला ते ऐकू येत होतं.

तो जगला. डावा हात मात्र पुन्हा कधी छातीच्या वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा म्हणाला, "दाजी, आता ही रिकामी कशी करायची? किती बार आहेत आत?"

"दोन," मी म्हणालो.

आम्ही बंदूक गावाबाहेर नेली, एका झाडाच्या बेचक्यात दोरानं आवळली, चापाला लांब सुतळी बांधली आणि एका मोठ्या वारुळाआड आडवे झालो. केप तोच ठेवला, बदलला नाही. सुतळी माझ्या हातात होती. तिथेही माझा उजवा डोळा मिटला होता, आणि मेहुण्याला ते दिसत होतं. मी ओढली.

असला आवाज मी कधी ऐकला नाही. पाखरं उठली, झाडावरून पाला पडला. धूर जायची वाट बघून आम्ही जवळ गेलो. निपल उडून गेलं होतं, दोर करपला होता. मी नळीवरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चीर नाही, फुगवटा नाही. आजोबांची बंदूक दोन्ही बार गिळून जशीच्या तशी होती.

मी कालच चाप ओढला असता तर काय झालं असतं? कदाचित हेच. कदाचित नाही. झाडाला गाल नसतो. ह्याचं उत्तर मला अजून सापडलं नाही आणि दुसऱ्या कुणी ते मला देऊ नये.

मेहुणा दोर सोडवताना एवढंच म्हणाला, "चांगल्या कारागिराच्या हातची आहे, दाजी." त्या दिवसानंतर त्यानं माझ्या बंदुकीची चेष्टा कधी केली नाही. मला ती चेष्टा परत हवी होती. त्यानं नाही दिली.

म्हैसुरात गोष्ट आमच्या आधी पोचली. केपानं दगा दिला तरी ह्या माणसानं दस्त्यानं बिबट्याला बडवला! पागेत लोक मला बघायला यायचे. मी सांगायचो. चांगली सांगायचो. सांगता सांगता घाव तीनाचे पाच झाले.

घरी पोचलो तेव्हा बायकोनं मोडका दस्ता हातात घेतला, त्यावरचं वाळलेलं रक्त बघितलं. "तुमचं आहे?" "नाही." मग तिनं विचारलं, "बार काढला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पाणी तापवायला आत गेली.

पुढच्या वर्षापासून नवमीला पूजेची तयारी करताना ती एक नवीनच गोष्ट करू लागली. मी बार भरायच्या आधी ती गज उचलायची, नळीत सोडायची, तळाला टेकला की रेघ कुठे येते ते बघायची आणि गज परत ठेवायची. आमच्याकडे बायका बंदुकीला हात लावत नसत. मी एकदाही अडवलं नाही. ती एकदाही काही बोलली नाही. जाईपर्यंत दर वर्षी तिनं ते केलं.

मी त्या बंदुकीतून पुन्हा गोळी झाडली नाही. पट्टी मारून आणली, निपल नवं बसवलं, दसऱ्याचा बार तेवढा उडवतो, तोही हात लांब करून आणि तोंड फिरवून. राजवाड्याकडे दसऱ्याच्या तोफा सुटतात तेव्हा माझा उजवा डोळा अजून मिटतो. शेजारीपाजारी म्हणतात, म्हाताऱ्याला आवाज सहन होत नाही. होत नाही, खरंच आहे.

कुरुब म्हातारा त्यानंतर बरीच वर्षं होता. कोटेच्या बाजूला गेलो की मी त्याच्याकडे जायचो, तंबाखू न्यायचो. तो बसायचा तेव्हा दर वेळी माझ्याकडे पाठ करूनच बसायचा, रानाकडे तोंड. सवयच त्याची. मी त्याच्या पाठीकडे बघत तंबाखू मळायचो, आणि निघायची वेळ व्हायची.

बंदूक माझ्यामागे ज्याच्या घरात टांगली जाईल त्याला कुणी विचारलं, दस्ता कसा मोडला, तर त्यानं सांगावं की केप चांगला होता.